करार नंतर, स्टोअर पेज आधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पब्लिशरने पाठवलेला करार सावकाश वाचला. तू म्हणालास, आता सही करून टाकतो, म्हणजे गेम लोकांपर्यंत पोचवायची कटकट त्यांच्या गळ्यात. तुझा थकवा मला कळतो. नोकरी सांभाळून रात्री जागून तू कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातल्या कारकुनाचा आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन, निवडी करत खेळायचा गेम) उभा केलास, तोही एकट्याने. पण इतक्यात सही करू नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

आगाऊ रकमेचा आकडा पाहून तू खूश झालास. त्याच्याखालचं कलम पुन्हा वाच. ती रक्कम आणि त्यांचा 'मार्केटिंग खर्च' विक्रीतून पूर्ण वसूल होईपर्यंत तुला एक पैसा मिळणार नाही, आणि त्या खर्चाला वरची मर्यादा कुठेच घातलेली नाही. त्यांचे हिशेब तपासायचा हक्कही तुला दिलेला नाही. आता गणित मांड. शंभर रुपयांच्या विक्रीतले तीस स्टीम, म्हणजे जिथे गेम विकायचा ते ऑनलाइन दुकान, कापून घेणार. उरलेल्या सत्तरात पब्लिशरचा अर्धा वाटा. म्हणजे तुझ्या हाती पस्तीस, तेही सगळी वसुली झाल्यावर, आणि त्यावर कर वेगळा.

तरी पैशाचं एक वेळ सोडून देऊ. मला खरी धास्ती वाटली ती हक्कांच्या कलमाची. पुढचे भाग, कन्सोलवरच्या (खास गेम खेळायच्या यंत्रांवरच्या) आवृत्त्या, या जगावर बेतलेलं जे काही निघेल ते सगळं त्यांचं, कायमचं. अमेरिकेत सिएटलला गेम बनवणाऱ्या जेफ व्होगेलचं उदाहरण घे. त्याची स्पायडरवेब सॉफ्टवेअर ही कंपनी १९९४ पासून चालू आहे, जवळजवळ घरगुती म्हणावी अशी. 'एक्झाइल' हा त्याचा पहिला आरपीजी १९९५ चा. तो शेअरवेअर म्हणून विकला: मोठा भाग फुकट खेळा, आवडला तर पैसे भरून पुढचा उघडा. त्याच्या गेमचं ग्राफिक्स तेव्हाही साधं होतं, आजही साधंच आहे. पण तीच गोष्ट त्याने २००० साली 'अव्हर्नम' म्हणून नव्याने बांधून विकली आणि २०११ मध्ये पुन्हा एकदा. हे जमलं, कारण गोष्ट त्याच्या मालकीची होती. एकदा बांधलेलं जग असं आयुष्यभर पोसू शकतं.

उलट बाजूही आहे. 'डिस्को एलिझियम' हा आरपीजी २०१९ मध्ये आला तेव्हा त्याच्या लेखनाने सगळे थक्क झाले. ज्यांनी ते जग मुळात रचलं, त्यांतली मुख्य माणसं २०२१ पर्यंत कंपनीबाहेर होती आणि जग मात्र कंपनीकडे राहिलं. तुझा तो कुलाब्याचा कारकून, त्याची खाडी, त्याचं दस्तकांचं (जहाजांच्या परवान्यांचं) दफ्तर उद्या दुसऱ्या कुणीतरी चालवावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

पब्लिशर नकोच असं मी म्हणत नाही. एरिक बरोनने 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एकट्याने साडेचार वर्षं खपून केला आणि २०१६ मध्ये तो आला पब्लिशरमार्फतच. पण गेम बरोनचाच राहिला, म्हणून २०१८ च्या अखेरीस बहुतेक ठिकाणचं प्रकाशन त्याला स्वतःकडे घेता आलं. आपल्या पुण्यातल्या नोडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा गेम बघ. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून वर्गणी गोळा करायची साइट) हवी ती रक्कम जमली नाही, पण पुढे पब्लिशर मिळाला आणि २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आला. कन्सोलसाठी, भाषांतरासाठी पब्लिशर लागतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्यासमोर बसताना तुझ्याजवळ काहीतरी हवं. आज तुझं स्टोअर पेजसुद्धा (स्टीमवरचं गेमचं पान) नाही. तो मागेल ते तू देणार, दुसरं काय होणार?

म्हणून आधी स्टीमचं पेज. शंभर डॉलर भर. गेमची विक्री हजार डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. पेज आज टाकलं तर विशलिस्ट, म्हणजे गेम हवा म्हणून नोंद करून ठेवणाऱ्यांची यादी, आजपासून जमते, आणि आपल्या कामात विशलिस्टसारखं दुसरं भांडवल नाही. गेम बाजारात आला की त्या प्रत्येकाला स्टीम स्वतः कळवतं. पुढे तू वीस टक्के किंवा जास्त सूट दिलीस की पुन्हा कळवतं. आरपीजीची विक्री वर्षानुवर्षं थोडी थोडी होत राहते, तिथे ही यादी फार उपयोगी पडते. डेमो (फुकट खेळायला दिलेला गेमचा नमुना) घेऊन नेक्स्ट फेस्टला, म्हणजे स्टीमवरच्या डेमोंच्या ऑनलाइन महोत्सवाला, जाऊन आलास आणि विशलिस्ट बऱ्यापैकी वाढली, की मग पब्लिशरला फोन कर. तेव्हा त्याची भाषाच वेगळी असेल.

नेक्स्ट फेस्टला एका गेमला एकदाच जाता येतं, म्हणून घाई नको. तयार डेमो घेऊनच जायचं. टोबी फॉक्सने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर 'अंडरटेल' या आरपीजीसाठी पाच हजार डॉलर मागितले आणि एक्कावन्न हजारांवर मिळाले. पैसे मागताना त्याने गेमचा सुरुवातीचा पूर्ण टप्पा डेमो म्हणून फुकट देऊन टाकला होता. लोकांनी खेळून पाहिलं आणि पैसे दिले. आरपीजीला हाच रस्ता मला पटतो. संवाद, निवडी, त्यांचे परिणाम हे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत, ते खेळूनच कळतात.

आता डेमोत काय घालायचं? तुझी सुरुवात मला आवडते, पण ती फार लांबते. पात्र घडवणं, गाव, आईची गोष्ट, वाड्यातली शिकवणी. पहिलं जहाज दिसेपर्यंत तासभर जातो. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. त्यातला एक तास तू आवरसावर करण्यातच घालवतोस. खाडीचा प्रसंग आधी आण. रात्र, भरतीची वेळ, समोर एक गलबत. तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, दस्तक पुढे करतो, त्याची मुदत कालच संपलेली. डेकवर त्याचा पोरगा तापाने फणफणलाय. मागे आंग्र्यांची गुराब (लढाऊ जहाज) उभी, शिपाई तुझ्या तोंडाकडे बघतायत. जहाज सोडायचं की धरायचं? मी तो प्रसंग खेळलो तेव्हा उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, आणि पुढे तिसऱ्या प्रकरणात तोच तांडेल भेटला तेव्हा अंगावर काटा आला. डेमो इथे सुरू कर. ट्रेलरही इथूनच. आधी लोगो नको, नकाशा नको, 'फार वर्षांपूर्वी' असलं निवेदन नको. पहिल्या पाच सेकंदांत दस्तक हातात आणि खाली दोन पर्याय.

पेजवरचा छोटा मजकूर मी असा सुचवतो: '१७२० सालचा कोकण किनारा. इंग्रज ज्यांना समुद्री चाचा म्हणतात, त्या कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात तू कारकून आहेस. कोणतं जहाज जाऊ द्यायचं, कोणतं अडवायचं, हे तुझी लेखणी ठरवते.' समुद्री चाच्यांचे गेम जगभर खेळले जातात, पण ती गोष्ट आपल्या किनाऱ्यावरून कुणी सांगितलेली माझ्या पाहण्यात नाही. 'ओपन वर्ल्ड', 'समृद्ध कथानक' हे शब्द काढून टाक, ते प्रत्येकाच्या पेजवर असतात. मुखचित्रात गुराबीचं शीड आणि गेमचं नाव, बस्स. यादीत ते चित्र बोटभर दिसतं. तुझ्या आत्ताच्या चित्रातली सात माणसं तिथे मुंग्यांएवढी होतात. चित्रावर पैसे खर्च कर, दुसरीकडे वाचव.

पेज लागलं की फुकट 'की' (गेम उघडायचा कोड) मागणाऱ्या ईमेलांची रीघ लागेल. बरेच जण नामांकित यूट्यूबरच्या नावाने लिहितात आणि मिळालेल्या 'की' विकून टाकतात. त्या यूट्यूबरच्या चॅनलवर दिलेला पत्ता जुळला तरच 'की' पाठव. तू मात्र स्वतःहून लिही, पण नेमक्या माणसांना: जुने, मजकूरबहुल आरपीजी मन लावून खेळणारे, मग त्यांचे प्रेक्षक थोडे असले तरी चालतील. असा माणूस तुझा गेम तीन तास लाइव्ह खेळला तर बघणाऱ्यांतले कितीतरी जण गेम विकत घेतील. पहिले दहा रिव्ह्यू येईपर्यंत स्टीम गेमला 'चांगला', 'मिश्र' असा एकंदर शेरा देत नाही, म्हणून पहिल्या दिवसाचे खेळाडू तुला आधीपासून माहीत असलेले बरे.

किंमत फार कमी ठेवू नकोस. व्होगेलने थोड्या पण निष्ठावान गिऱ्हाइकाला योग्य दाम लावून इतकी वर्षं काढली. पंचवीस तासांचा गेम आहे तुझा. रुपयातली किंमत मात्र वेगळी ठरव, डॉलरचं सरळ गुणाकाराने रूपांतर करू नकोस. अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरताना पॅन नंबर घालायला विसरू नकोस, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर जास्त कर कापला जाईल. बाकीचं तुझ्या सीएला विचार.

पब्लिशरला दोन ओळींचं उत्तर पाठव: आभारी आहे, डेमो आल्यावर बोलू. त्यांना खरंच गेम आवडला असेल तर ते थांबतील. आणि पुन्हा बोलणी झाली तर तीन गोष्टींवर अडून बस: खर्चाला मर्यादा, हिशेब तपासायचा हक्क, आणि जग तुझ्या नावावर. कन्सोलचे हक्क हवे असतील तर ठरावीक वर्षांसाठी दे, मुदत संपली की ते तुझ्याकडे परत यायला हवेत.

पेजचा इंग्रजी मजकूर तयार झाला की मला पाठव, मी ओळ न ओळ तपासून देतो. खाडीच्या प्रसंगाचा नवा बिल्ड (खेळता येणारी आवृत्ती) आधी दे, तो मला पुन्हा खेळायचाच आहे. या वेळी जहाज धरून बघणार आहे.

तुझाच