बदलीवर आलेला परग्रहवासी

बोल्डर, कोलोरॅडो
रविवार, दुपार

प्रिय शऱ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू जो तडकलास तो अजून कानात आहे. "एकाच भागाचं काम, तेही ठरलेला नट ऐन वेळी सुटला म्हणून! बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या रजा भरून काढल्या, आता मालिकेतही बदलीवरच?" मी मध्ये तोंड घालून पाहिलं, पण फोनवर तुझ्यापुढे आजवर कुणाचं काय चाललंय? म्हणून हे पत्र. चहा घेऊन निवांत लिहितोय. तूही निवांत वाच, आणि वहिनींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. पुढे तुझ्याबद्दल एक-दोन गोष्टी आहेत.

इथे पाइन स्ट्रीट नावाचा जुना रस्ता आहे. सकाळी फिरायला जातो तेव्हा तिथल्या एका जुन्या धाटणीच्या घरासमोर कुणी ना कुणी फोटो काढताना दिसतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "बाबा, ते 'मॉर्क अँड मिंडी' या जुन्या टीव्ही मालिकेतलं घर." घर म्हणजे नुसता दर्शनी भाग. आतला सगळा संसार लॉस एंजेलिसला पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभा केलेला. आपल्या नाटकात खिडकीबाहेर रंगवलेला डोंगर असायचा ना, तसलाच प्रकार, फक्त इथे डोंगर खरे आणि घराचं आतलं खोटं.

त्या रात्री मुलाने एक भाग लावून दिला, मग आणखी एक, आणि पुढचे आठ दिवस मी त्यातच होतो. आपल्याला रॉबिन विल्यम्स माहीत आहे तो दाढीवाला, 'गुड विल हंटिंग'चं ऑस्कर घेणारा. मॉर्क झालेला हा मात्र सव्विशी-सत्ताविशीतला, काटकुळा, एका जागी न ठरणारा. आणि ऐक, हा इथे पोचला तो दुसऱ्याच एका मालिकेतल्या एका भागाच्या कामामुळे. तेही बदलीवर!

ती मालिका म्हणजे 'हॅपी डेज'. एबीसी वाहिनीवर १९७४ च्या जानेवारीत सुरू झालेली. विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी शहर, १९५० चं दशक, कनिंगहॅम नावाचं सरळमार्गी कुटुंब, त्यांचा गुणी मुलगा रिची, आणि त्याचा दोस्त फॉन्झी. कातडी जाकीट, मोटरसायकल, अंगठा वर केला की पोरी धावत येणार. हेन्री विंकलरने तो असा रंगवला की दुय्यम पात्र असूनही मालिका त्याचीच झाली. आपण शेजाऱ्यांकडे दाटीवाटीने बसून चिमणराव-गुंड्याभाऊ बघायचो ना, साधारण तोच काळ.

पाचव्या वर्षी लेखकांचा दम संपत आला असावा. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांनी फॉन्झीला जाकिटासकट पाण्यावरच्या स्कीवर चढवलं आणि शार्क माशावरून उडी मारायला लावली. मालिका भरकटली की इथले लोक अजूनही म्हणतात, "हिने शार्कवरून उडी मारली." चाळीसहून जास्त वर्षं टिकलेली बदनामी! गंमत अशी की रॉबिन आला तो याच वर्षात, पाच महिन्यांनी. म्हणजे मालिकेच्या घसरणीची खूण म्हणून लोक जे वर्ष दाखवतात, त्याच वर्षात तिच्या पोटी हे रत्न निपजलं.

निमित्त काय, तर निर्माता गॅरी मार्शल याच्या लहान मुलाने 'स्टार वॉर्स' पाहिला आणि बापाकडे हट्ट धरला, तुमच्या मालिकेत परग्रहावरचा माणूस आणा. पोराचा हट्ट म्हणून पन्नासच्या दशकातल्या मिलवॉकीत परग्रहवासी! आपल्याकडच्या एखाद्या निर्मात्याने असं केलं असतं तर तू मला चार पानी पत्र लिहिलं असतंस. आणि मग या परग्रहवाशाच्या, म्हणजे मॉर्कच्या, कामासाठी आधी ठरलेला नट सुटला. प्रयोग तोंडावर, मॉर्क नाही.

मार्शलची बहीण रॉनी कलाकार निवडायला मदत करायची. तिने या पोराचं नाव काढलं. काय करतो? रस्त्यावर उभा राहून नकला करतो आणि पैशांसाठी टोपी फिरवतो. मार्शल वैतागला, टोपी फिरवणारा माणूस मी घेऊ? तिचं उत्तर असं की टोपी चांगली भरते त्याची. पुढे मार्शल ही गोष्ट रंगवून सांगायचा. खरं तर हा नुसता रस्त्यावरचा पोऱ्या नव्हता. न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्डमध्ये नाट्यशिक्षण घेतलेला, तिथे पुढे सिनेमात सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह त्याचा वर्गमित्र. पदवी न घेताच तो बाहेर पडला, सॅन फ्रान्सिस्कोच्या छोट्या क्लबांतून एकट्याने विनोद करत फिरला, टीव्हीवरही एक-दोन विनोदी कार्यक्रमांत चमकून गेला. ते कार्यक्रम लवकरच बंद पडले. थोडक्यात, तयारी दांडगी आणि ओळख शून्य.

चाचणीला आला. मार्शल म्हणाला, परग्रहवासी बसतो तसा बस. हा खुर्चीवर डोकं टेकून, पाय वर करून बसला. काम मिळालं. मार्शल नंतर म्हणायचा, आलेल्यांत खरा परग्रहवासी हा एकटाच होता.

तो भाग २८ फेब्रुवारी १९७८ ला लागला. ऑर्क ग्रहावरचा मॉर्क येतो. त्याला नमुना म्हणून अगदी सामान्य, कंटाळवाणा माणूस न्यायचाय, आणि तो निवडतो रिचीला. (या निवडीवर मी एकटाच इतका हसलो की नातू उठून आला.) बोट रोखलं की समोरचा जागच्या जागी थिजतो. शेवटी फॉन्झी मध्ये पडतो आणि त्याच्या अंगठ्याची मॉर्कच्या बोटाशी लढाई होते. गोष्ट म्हणशील तर पोरखेळ. पण रॉबिनचा आवाज मध्येच चिरकतो, मध्येच घोगरा होतो, हात एक सांगतात आणि तोंड भलतंच. चित्रण प्रेक्षकांसमोर व्हायचं, आपल्या नाटकासारखं, आणि लोक उठून उभे राहिले म्हणतात.

मला मात्र त्यात विंकलर जास्त आवडला. मालिका त्याची, टाळ्या त्याच्या, आणि एका बदलीच्या पोराने येऊन त्याच्या डोळ्यांदेखत सगळं पळवलं. अशा वेळी मोठा नट काय काय करतो ते आपण दोघांनी पाहिलंय. वाक्य गिळतो, पाठ फिरवतो, हशा येतोय असं दिसलं की खोकतो. विंकलर यातलं काही करत नाही. उभा राहतो, बघतो, त्या पोराला पुरेशी जागा देतो. त्याने पुढे सांगितलंय की त्याची सगळी ताकद हसू दाबण्यात गेली.

आणि पाहुण्याचं असं असतं की त्याला पुढच्या मंगळवारी परत यायचं नसतं. रिचीला गुणीच राहायचंय, फॉन्झीला ऐट सोडता येत नाही. पाहुण्याने भांडी फोडली तरी झाडू मारायला घरचे आहेत. म्हणून म्हणतो, एका भागाच्या कामाला नाक मुरडू नकोस.

पुढचं तर आणखी मजेचं. मूळ भागात शेवटी कळतं की हे सगळं रिचीचं स्वप्न होतं. पण लोकांना मॉर्क इतका आवडला की सहा-सात महिन्यांत, १४ सप्टेंबरला, त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली. आता स्वप्नातला माणूस या बोल्डरमध्ये, त्याला आसरा देणाऱ्या मिंडीच्या माळ्यावर राहायला कसा येणार? मग पुनःप्रक्षेपणासाठी त्या भागाचा शेवट बदलला, नवा प्रसंग जोडला. बदलीवाल्यासाठी स्वप्न खरं करून घ्यावं लागलं! पहिल्याच वर्षी ही मालिका देशात तिसरी आली, तीही 'हॅपी डेज'च्या बरोबरीने. आईच्या शेजारी लेक. नेहमीचे तीन कॅमेरे कमी पडायला लागले. मार्शलने कॅमेरामनला विचारलं, टिपलंस का ते? तो म्हणाला, माझ्यासमोरून गेलाच नाही तो. मग चौथा कॅमेरा आणला, फक्त रॉबिनच्या मागे धावायला.

सगळंच थोर होतं असं नाही हं. सलग तीन भाग पाहिले की माझं डोकं भणभणतं. वाहिनीने दुसऱ्या वर्षी वार बदलला, आणि चार वर्षांत, १९८२ ला, खेळ आटोपला. पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये रॉबिन गेला तेव्हा लोकांनी पाइन स्ट्रीटवरच्या याच घरापुढे फुलं आणून ठेवली. ज्या घरात तो कधी राहिलाच नाही तिथे. हे मला सुनेने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथून जाताना मी उगाच थांबलो.

आता तुझं. तुझ्यावरून कुणी नवी मालिका काढणार नाही, वहिनीच आधी विरोध करतील. पण बदलीवर उभं राहणं काय असतं ते तू मला शिकवतोस? राज्य नाट्य स्पर्धेत गड्याचं काम करणारा तापाने पडला आणि तुम्ही मला ढकललंत. एकच वाक्य होतं, तिसऱ्या अंकात: "मालक गेले हो!" मी ते पहिल्या अंकातच ठोकलं, आणि मालक, म्हणजे तू, समोर खुर्चीत पेपर वाचत होतास. तू पेपर खाली न करता म्हणालास, "अरे, इतक्यात नाही. चहा आण." त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा. लेखकाने लिहिलेला नव्हता तो, तुझा होता.

तर उद्या सकाळी त्या मालिकावाल्या बाईंना फोन लाव आणि हो म्हण. चष्मा, गोळ्या आणि घरचा डबा बरोबर ने, सेटवर किती ताटकळावं लागेल सांगता येत नाही. भाग कधी लागणार ते नीट विचारून कळव, इथल्या घड्याळाप्रमाणे किती वाजतील ते मुलगा बघेल. वहिनींना नमस्कार. माझ्या वाटणीचं लिंबाचं लोणचं अजून शिल्लक आहे ना?

तुझा,
पहिल्या अंकातला गडी