खताची मूठ नाकाशी नेऊ नका, बाबा

ख्राइस्टचर्च

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि गाडी मोगऱ्याच्या कळ्यांवर जाते, म्हणून पत्र लिहितेय.

खत मुरलं की नाही हे बघायला तुम्ही मूठभर उचलून नाकाशी नेता. मलाही तुम्हीच शिकवलंत : कुबट, आंबूस वास आला तर अजून कच्चं, पहिल्या पावसासारखा आला तर तयार. पारख अगदी खरी आहे. तरीही आता हे बंद करा, एवढं माझं ऐका.

इथे न्यूझीलंडमध्ये खताच्या आणि कुंडीच्या मातीच्या पिशव्यांवर धोक्याची सूचना छापलेली असते. कारण लिजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू. त्याचा भाऊबंद १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनातल्या न्यूमोनियामुळे उजेडात आला, तो पाण्यात वाढतो. हा मात्र कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आणि खतात राहतो. ऑस्ट्रेलियात १९८८-८९ च्या सुमारास बागकाम करणाऱ्या लोकांना न्यूमोनिया होऊ लागला, तेव्हा शोध घेत घेत डॉक्टर कुंडीच्या मातीपर्यंत पोचले. पिशवी फोडताना, ढीग वरखाली करताना उडणारी बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि तिथून दुखणं सुरू होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना धोका जास्त. बाबा, तुमची साखर मला माहीत आहे, म्हणूनच काळजी वाटते.

आता मुद्द्याचं. खत हाताळल्यावर दोन-तीन दिवसांनी, कधी दहा-बारा दिवसांनीही, ताप, खोकला, दम असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं : मी गच्चीवर खत कालवतो. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. आणि सांगणं का महत्त्वाचं, तर लघवीची जी नेहमीची चाचणी करतात ती मुख्यतः त्या पाण्यातल्या भावाला पकडते, हा तिच्यातून निसटतो. पेनिसिलिनच्या जातीची औषधं याच्यावर चालत नाहीत, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन द्यावं लागतं. कोणतं, किती, ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही फक्त खताचं सांगा.

बाग सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. आई, ओल्या कचऱ्याचं ते निळं पिंपही राहू दे. २०१७ साली इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तो घराघरांतल्या अशाच शिस्तीवर, असं मला मनापासून वाटतं. फक्त पिंप ढवळण्याआधी झारीने खत ओलसर करा, म्हणजे धूळ उडणार नाही. नळीचा जोरदार फवारा नको. नर्सरीतून आणलेलं पोतं जिन्याखालच्या कोठीत उघडू नका, गच्चीवर मोकळ्या हवेत, तोंड लांब ठेवून कात्रीने कापा. कपाटात मास्क पडलेत, त्यातला एक लावा. आणि बाबा, हात साबणाने धुतल्याशिवाय सुपारी तोंडात टाकायची नाही.

आई, तुझं वेगळंच. तू अनवाणी फिरतेस आणि गुलाबाचा काटा टाचेत गेला की हळद दाबून मोकळी होतेस. धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षं तग धरून असतात. जखम बारीक पण खोल असली की आत हवा पोचत नाही, आणि त्यांना तेच हवं असतं. काटा रुतला तर जखम साबण-पाण्याने नीट धू, आणि वर जाताना बंद चपला घाल. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. तुम्हा दोघांचं शेवटचं कधी झालं ते मला आठवत नाही. औषधांच्या फाइलीत बघून रविवारी फोनवर सांगा, नोंद सापडली नाही तर याच आठवड्यात दोघंही जाऊन डॉक्टरांना विचारा.

तुमची,
मुक्ता