मंत्रिमहोदय, सभागृहात दिलेल्या शब्दाचे काय झाले?

माननीय गृहनिर्माण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मागील अधिवेशनात एका लक्षवेधी सूचनेला उत्तर देताना आपण सांगितले होते की, गृहनिर्माण मंडळाचे रखडलेले वार्षिक लेखे आणि संक्रमण शिबिरांच्या दुरुस्तीवरील खर्चाचा तपशील पुढील अधिवेशनात पटलावर ठेवला जाईल. ते पुढील अधिवेशन गेल्या शुक्रवारी संस्थगित झाले. पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांची यादी मी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मंडळाचे नाव तीत नव्हते. ते सापडले पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत. हिशेब द्यायला मंडळाला सवड झाली नाही, पैसे मागायला मात्र झाली.

त्याच रात्री आमच्या शिबिरातील सामायिक जिन्याच्या छताचा गिलावा कोसळला. कोणी दगावले नाही, त्यामुळे आपल्या कार्यालयाच्या लेखी ही घटना घडलेलीच नसावी. पक्के घर मिळेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून आम्ही येथे 3 वर्षांसाठी आलो होतो. यंदा 11वे वर्ष सरत आहे. माझ्या वडिलांनी ताबापत्राची वाट पाहत शेवटची दोन वर्षे याच खोलीत अंथरुणावर काढली आणि पावसाळ्यात त्यांची खाट कोणत्या कोपऱ्यात सरकवायची, एवढेच काय ते आमच्या घरातले गृहनियोजन होते. त्यांच्या पश्चात वारसनोंदीसाठी मी मंडळाकडे सात फेऱ्या मारल्या, कदाचित आठ. दर वेळी उत्तर एकच, फाइल वर गेली आहे. वडीलही वरच गेले आहेत. निदान त्यांच्या तरी ती दृष्टीस पडली असेल.

आपल्या खात्याची मागणी मंजूर होताना मी थेट प्रक्षेपणात पाहिली. चर्चेची वेळ संपली म्हणून उरलेल्या साऱ्या मागण्या एका गठ्ठ्यात मताला टाकण्यात आल्या (या प्रकाराला संसदीय परिभाषेत गिलोटिन म्हणतात, हे नाव ज्याने दिले त्याला दूरदृष्टी होती) आणि माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटांत, फार तर पाच म्हणा, सारे आटोपले. त्या गठ्ठ्यात मंडळाचे अनुदान एका ओळीत होते. जमिनीच्या विक्रीतून, गाळ्यांच्या लिलावातून, आमच्याकडून घेतलेल्या सेवाशुल्कातून आणि अर्जदारांच्या अनामत रकमांवरील व्याजातून मंडळाकडे जे येते, त्याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नव्हते. शिवाय अनुदान वर्षाअखेरीस स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे मंडळाच्या स्वतःच्या खात्यात, वळते केले की शासनाच्या वहीत ते खर्ची पडलेले दिसते, मग एक वीटही रचलेली नसो. असा खर्च किती झाला, हे लेखे मिळाल्याशिवाय सभागृहाला कळणार कसे? आणि आमदाराने विचारलेच, तर मंडळ स्वायत्त आहे. निधी मागताना ते शासनाचे अंग असते, प्रश्न विचारला की स्वायत्त होते.

हे सारे अपरिहार्य आहे, असे कृपया सांगू नये. हाँगकाँगमध्ये सार्वजनिक गृहबांधणीत पायाचे खांब आराखड्यापेक्षा आखूड निघाले, शा टिन भागातील जवळजवळ पूर्ण झालेले दोन मनोरे पाडावे लागले, तेव्हा 2000 साली तेथील विधिमंडळाने गृहनिर्माण प्राधिकरणाच्या अध्यक्षांवर आणि गृहनिर्माण संचालकांवर अविश्वास व्यक्त केला. अध्यक्षांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. पुढे विधिमंडळाच्या विशेष समितीने जबाबदारी कोणाकोणाची, हे खोदून काढले. न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने घातक शिसेयुक्त रंगाच्या तपासणीबाबत खोटी प्रमाणपत्रे दिल्याचे उघड झाल्यावर 2019 मध्ये त्यावर बाहेरचा देखरेख अधिकारी बसवण्यात आला. भ्रष्टाचार आणि हलगर्जी तेथेही झालीच. फरक इतकाच की तेथे कोणीतरी विचारले.

आपल्याकडे विचारण्याची सोय नाही असे नाही. ब्रिटिश संसदेने 1861 मध्ये सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती नेमली, तीच पद्धत आपण उचलली. समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचा संकेतही उचलला. पण समितीचा अहवाल येतो तेव्हा संबंधित अभियंता निवृत्त झालेला असतो, सचिव बदललेला असतो आणि काल बाकावरून ओरडणारा सदस्य आज मंत्री असतो. आपणही विरोधात असताना याच मंडळावर तारांकित प्रश्न विचारले होते, महोदय. तेव्हा मिळालेले “माहिती संकलित करण्यात येत आहे” हे उत्तर आपल्याला असह्य झाले होते. आता तेच आपल्या सहीने निघते. ते संकलन इतकी वर्षे चालले आहे की त्यासाठी मंडळाने एक स्वतंत्र इमारत बांधायला हरकत नाही, आणि ती वेळेत पूर्णही होईल.

माझे मागणे फार नाही. मंडळाचे लेखापरीक्षित लेखे, उत्पन्नाच्या सर्व बाबींसह, पुढील मागणी मंजूर होण्यापूर्वी पटलावर यावेत. मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांची साक्ष लोकलेखा समितीपुढे आणि शक्यतो जाहीरपणे व्हावी. आणि आपण सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे प्रलंबित म्हणून नोंदवला जावा. मला घर द्या, असे मी या पत्रात लिहिणार नाही. ते अकरा वर्षे लिहून झाले.

पुढील अधिवेशनासाठी प्रेक्षक गॅलरीच्या पासचा अर्ज मी केला आहे. लेखे ज्या दिवशी मांडले जाणार असतील तो दिवस आधी कळवावा, कारण शिबिरातील काही वृद्ध मंडळीही यायचे म्हणत आहेत आणि तो जिना उतरायला त्यांना वेळ लागतो.

आपला,
संक्रमण शिबिरातील एक रहिवासी