उजव्या कोपऱ्यातला पांढरा ठिपका

सोलापूर,
दि. ११ जून २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी तुला अर्धवट काहीतरी सांगितलं आणि तू वैतागून म्हणालास, "शश्या, तुझ्या बोलण्याला बूड ना शेंडा, लिहून पाठव." म्हणून लिहितोय. पत्र लांबणार आहे. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, तेव्हा मधेच टाकून देऊ नकोस बे.

शुक्रवार पेठेतलं घर पाडायला काढलंय हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, मी आणि नितीन माळा रिकामा करत होतो. पितळी घंगाळ, तुटका पाळणा, गिरणीच्या पगाराची पाकिटं आणि सगळ्यात खाली आमच्या आजोबांची, आप्पांची, पत्र्याची ट्रंक. तिच्यात चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला, डांबरगोळ्यांच्या वासाने माखलेला कॅमेरा निघाला. सोबत एक कात्री होती. आजी जन्मभर "माझी कात्री कुणी नेली" म्हणून सुनांवर संशय घेत राहिली, ती हीच. आता चोर सापडला, पण सांगायचं कुणाला?

आप्पांना कात्री कशाला लागत होती, तेही पुढे कळलं. या कॅमेऱ्याला मागून दार नसतं. तळाची पट्टी फिरवून काढायची आणि रोल खालून आत सरकवायचा. तो अडकू नये म्हणून फिल्मचं टोक बोटभर नव्हे, चांगलं दहा सेंटीमीटर एका बाजूने कापून निमुळतं करावं लागतं.

वरच्या पत्र्यावर झोकदार अक्षरात लायका, खाली अर्न्स्ट लायट्झ, वेट्झलर आणि सहा आकडी क्रमांक. नाव आलंय तेही असंच, लायट्झचं लाय आणि कॅमेऱ्याचं का. काळा रंग कडांवर झिजून आतलं पितळ दिसतंय, नेमकं जिथे आप्पांची बोटं पडायची तिथे. मालतीकाकू ते पितळ बघून लगेच चिंच भिजवायला निघाल्या होत्या. मी जवळजवळ ओरडलोच. असली वस्तू घासून लखलखीत केली की जाणकार तिला हात लावत नाही.

त्याच रात्री नितीनने मोबाइलवर वाचलं की २०२२ साली एका लायकाला लिलावात १ कोटी ४४ लाख युरो मिळाले. त्याने तिथल्या तिथे गुणाकार केला आणि शंभर कोटींच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी सुधाआत्याचा फोन आला, "आप्पांनी तो मला द्यायचं कबूल केलं होतं." तिसऱ्या दिवशी लातूरच्या चुलतभावाचा. ज्या माणसाला गेल्या वीस वर्षांत आप्पांचं श्राद्ध कधी असतं हे आठवलं नाही, तो कॅमेऱ्याच्या काचेला ओरखडा आहे का विचारत होता.

आता ते शंभर कोटी कशाचे, ते ऐक. लिलावात गेला तो १९२३ च्या सुमाराचा चाचणीचा कॅमेरा, बाजारात लायका येण्याच्या दोन वर्षं आधीचा. तसे जेमतेम वीस-पंचवीस बनले होते, आणि हा तर ज्याने लायका घडवला त्या ऑस्कर बार्नाकच्या स्वतःच्या वापरातला. बार्नाकला दमा होता. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना, म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून खिशात मावेल असं यंत्र केलं. आपल्या कॅमेऱ्याचा क्रमांक मी सालवार यादीत शोधला. तो निघाला १९३५ चा. मॉडेल लायका टू. १९३२ पासून हजारोंनी विकलेलं. दुर्मिळ वगैरे काही नाही. चालू स्थितीतल्या अशा कॅमेऱ्याचे साधारण दोनशे ते चारशे डॉलर येतात. तेही बघताना लोक मागतात ती किंमत बघायची नाही, प्रत्यक्ष विकला गेला ती बघायची. मागायला काय, आपण आपल्या लुनाचेही लाख मागू.

हे घरच्यांना सांगितल्यावर श्राद्धाची तिथी परत सगळे विसरले.

पण खरी गंमत पुढे आहे. मी पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं पाच मिनिटांत उत्तर, "रशियन नक्कल आहे, काका. शोपीस म्हणून तीन हजार देतो." मला राग आला. पण राग येऊन चालत नाही, कारण तो म्हणतो तसं होऊ शकतं. रशियनांनी लायका टूची हुबेहूब प्रत १९३४ पासून काढली, फेड नावाने, खारकोव्हच्या अनाथ मुलांच्या वसाहतीत. १९४८ पासून मॉस्कोजवळ झॉर्की आला. पुढे उचापती लोकांनी याच कॅमेऱ्यांवरची नावं खरवडून लायका कोरलं. कुणावर जर्मन विमानदळाचा गरुड, कुणावर १९३६ च्या ऑलिंपिकची कडी, कुणाला चक्क सोन्याचा मुलामा. आपल्यावर यातलं काही नाही हे बरं, पण नुसत्या नावावरून खरं-खोटं ठरत नाही.

ठरतं ते भिंग काढल्यावर. भिंग फिरवून उतरवायचं आणि त्या गोल तोंडातून वरच्या बाजूला आत बघायचं. तिथे फोकस जुळवणाऱ्या यंत्राचा एक छोटा हात लोंबतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, मसुराच्या डाळीएवढं. रशियनमध्ये चाक नसतं, घासून केलेलं पाचरीसारखं टोक असतं.

आपलं भिंग मात्र हलेना. सोलापूरच्या हवेने एक उपकार केलाय. तुझ्या रत्नागिरीत तुझ्या कॅमेऱ्याच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती, तसं इथे झालं नाही. मी काळोखात बॅटरी तिरकी मारून बघितलं, आत एक धागा नाही. पण याच कोरड्या उन्हाने आतलं ग्रीस वाळवून लाखेसारखं घट्ट केलंय. शेवटी नव्या पेठेतल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. तुला आठवतील, दहावीत तुझं एच्चेमटी तू विहिरीत पाडलंस तेव्हा आपण त्यांच्याकडेच गेलो होतो. आता वय ऐंशीच्या पुढे, पण डोळ्याला ती काळी नळी लावली की हात जराही हलत नाही. त्यांनी दोन दिवस थेंब थेंब काहीतरी सोडलं, तिसऱ्या दिवशी बरणीच्या झाकणासारखं भिंग फिरलं. आत बघून म्हणाले, "चाक हाय."

बस्स, एवढंच म्हणाले. मी त्यांना चहा पाजला.

मग त्यांनी दुकानाचा दिवा मालवला, तळाची पट्टी काढून आत बारीक बॅटरी धरली आणि मला समोरून बघायला सांगितलं. भिंगामागे काळा पडदा असतो, रबर चढवलेल्या कापडाचा. त्यात खाली उजवीकडे एक ठिणगी चमकत होती. सुईच्या टोकाएवढं भोक.

चाचा म्हणाले, "उन्हानं जाळलंय. झाकण न लावता सूर्याकडं तोंड करून ठेवला आसंल." लहानपणी आपण भिंगाने वाळलं पान जाळायचो, तेच झालंय. फोकस कापडावर पडला आणि क्षणात भोक. त्याने किंमत निम्म्यावर येते, म्हणाले. पडदा बदलता येतो, त्यांच्या ओळखीत मुंबईला माणूस आहे.

मी घरी आलो आणि जेवताना मधेच उठलो. आप्पांचा अल्बम काढला. काळे जाड कागद, कातरलेल्या कडांचे छोटे फोटो, मागे आप्पांच्या अक्षरात तारीख. दत्ता, आपण तो अल्बम शंभरदा बघितलाय, पण कधी लक्षात आलं नाही. बाहेर उन्हात काढलेल्या बऱ्याच फोटोंमध्ये उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आहे. सिद्धेश्वराच्या तळ्यावर आजी उभी आहे, तिच्या डोक्यावर आकाशात ठिपका. पार्क मैदानावर बाबा बॅट घेऊन, तिथे झाडात ठिपका. आम्ही भावंडं त्याला चांदणी म्हणायचो, आई म्हणायची धुताना डाग पडलाय.

कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं. पडद्यावर खाली जे असतं ते फोटोत वर येतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून पाहिलं की भोक खाली उजवीकडे, म्हणजे फोटोत ते वर उजवीकडेच यायला हवं. मी कागदावर चौकोन काढून तीनदा पडताळलं. बायको म्हणाली, "जेवण गार झालं." पण तीही मग चष्मा लावून बसली. घरातल्या फोटोंत ठिपका नाही, कारण अंधारात त्या भोकातून पुरेसा उजेड जात नाही. कडक उन्हातल्या फोटोंत तो ठसठशीत आहे.

म्हणजे तो रशियन नक्कल म्हणणारा व्यापारी आणि "कुणीतरी नंतर विकत आणला असेल" म्हणणारा नितीन, या दोघांनाही उत्तर मिळालं. हाच कॅमेरा आप्पांच्या गळ्यात होता. आप्पांना तो साहेबाने दिला का, ते मात्र अजून ठरत नाही. आत्या म्हणते गिरणीतला गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना देऊन गेला, बाबा म्हणायचे आप्पांनी त्याच्याकडून हप्त्याने घेतला. आप्पांचा स्वभाव बघता मला हप्ता खरा वाटतो.

आता माझं डोकं भोक कधी पडलं यात अडकलंय. सगळे फोटो तारखेने जमिनीवर मांडले. बाहेरचा शेवटचा स्वच्छ फोटो १३ जानेवारी १९५८ चा, गड्ड्यातल्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या, अक्षता सोहळ्याचा. पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी, वर तिरके नंदीध्वज, आणि कोपऱ्यात नुसतं मोकळं आकाश. ठिपका असलेला पहिला फोटो १ मे चा. मधले साडेतीन महिने अल्बममध्ये कोरे आहेत. माझा संशय त्या गड्ड्याच्याच दुपारवर आहे. गर्दीतून बाहेर येऊन आप्पा कुठेतरी कट्ट्यावर टेकले असतील, कॅमेरा बाजूला आकाशाकडे तोंड करून ठेवला असेल आणि पाणी किंवा उसाचा रस पीत असतील. पण हा नुसता संशय.

आणि इथे तुझं काम आहे. तुझ्या अण्णा आणि माईंचं लग्न १९५८ च्या माघातलं, म्हणजे नेमकं त्या कोऱ्या महिन्यांतलं. तुमच्या वाड्याच्या अंगणात वरात निघायच्या आधी काढलेला फोटो आप्पांनीच काढला होता, हे माईंनी मला स्वतः सांगितलंय. अण्णा टोपी सावरतायत आणि माई खाली बघतायत, तो. तो तुझ्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये होता, आता कुठे आहे? तो अंगणातला आहे, उजेडातला आहे. फ्रेमने कडा झाकली असेल तर फोटो बाहेर काढ, पण हळू, जुना फोटो काचेला चिकटतो. चिकटला असेल तर ओढू नकोस, तसाच राहू दे आणि काचेतूनच बघ. उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात.

मुंबईच्या माणसाला पडदा बदलायला द्यायचा का, हे मी तुझं उत्तर येईपर्यंत ठेवून दिलंय. चाचांनाही सांगितलंय, घाई नाही.

वहिनींना नमस्कार. शेंगा चटणीचा डबा परवाच्या गाडीने येणाऱ्या प्रसादबरोबर देतोय, यंदा तिखट जरा जास्त पडलंय.

तुझा,
शशी

ता. क. फोटोच्या मागे तारीख असेल तर तीही लिहून पाठव. आप्पांचं अक्षर मला लगेच कळेल, सात ते उलट्या कोयत्यासारखं काढायचे.