‘पिशवीत गाठ आहे’ एवढ्यावर बाईचे ऑपरेशन करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इंग्रजी कागद वाचून घ्यायचा असला की गावातल्या बाया शाळा सुटल्यावर माझ्याकडे येतात. अलीकडे त्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट फार असतात. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई असाच जुना, घड्या पडलेला रिपोर्ट घेऊन आली. ऊसतोडीला जाणारी, वय चौतीस. गर्भपिशवी काढून चार वर्षे झालेली. म्हणाली, “बाई, मला नेमकं काय झालं होतं, तेवढं वाचून सांगा.”

रिपोर्टमध्ये गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला दोन सेंटीमीटरची फायब्रॉईडची एक गाठ होती. बाकी सगळे नॉर्मल, दोन्ही अंडाशयेसुद्धा. तिची तक्रार होती अंगावरून पांढरे जाण्याची आणि ओटीपोटात दुखण्याची. उसाच्या फडात ना पुरेसे पाणी, ना आडोसा. पाळीचे कापड दिवस-दिवस बदलता येत नाही. त्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची ही लक्षणे असू शकतात आणि तो वेळेवर औषध मिळाले तर बरा होतो. बाहेरच्या बाजूची एवढीशी गाठ सहसा काहीच त्रास देत नाही. पण तिला सांगितले गेले, “गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.” ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ऑपरेशन झाले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, हे तिला मी रिपोर्टसोबतचा डिस्चार्ज कागद वाचला तेव्हा कळले. रात्री घामाने जाग येते, गुडघे धरतात, मोळी उचलवत नाही, हे सगळे ती चार वर्षे सोसते आहे. तिशीत अंडाशये काढली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम येतात आणि हाडेही लवकर ठिसूळ होतात. तिला ते सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

मला यातले थोडे कळते, कारण त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्याही पिशवीत दोन गाठी निघाल्या. महिन्यातले नऊ-नऊ दिवस अंगावरून जायचे, हिमोग्लोबिन सातवर आले होते. पहिल्या डॉक्टरांनी मलाही पिशवी काढायलाच सांगितले. नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे पिशवीचे चित्र काढून समजावले. फायब्रॉईड ही गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक बायकांत ती लहान-मोठी सापडते आणि कित्येकींना त्याचा पत्ताही नसतो. ती कॅन्सरची निघणे फार क्वचित. शरीरातल्या संप्रेरकांवर ती पोसते, म्हणून पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. आणि आकाराइतकीच जागा महत्त्वाची: आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ लहान असली तरी खूप रक्तस्राव करते, बाहेरची मोठी होईपर्यंत गप्प राहू शकते.

माझ्या गाठी भिंतीत होत्या. आधी लोहाच्या गोळ्या, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, मग कॉपर-टीसारखे दिसणारे पण संप्रेरक सोडणारे साधन बसवले. काही महिन्यांत रक्तस्राव आटोक्यात आला. आज बावन्नाव्या वर्षी माझी पिशवी जागेवर आहे आणि गाठी निम्म्याने लहान झाल्या आहेत.

जिला मूल हवे तिची नुसती गाठ काढता येते. आत डोकावणारी असेल तर पोटावर टाका न घालता, योनिमार्गे दुर्बीण घालून. पुढे नव्या गाठी होऊ शकतात, हेही तिला सांगायला हवे. मोठ्या शहरांत बारीक नळीने गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपायही आहे. आणि काहींना पिशवी काढणेच योग्य असते. माझ्या मावशीची गाठ नारळाएवढी होती, लघवी अडायची, औषधांनी काही होईना. तिने विचार करून ऑपरेशन केले आणि ती सुखात आहे. माझा विरोध ऑपरेशनला नाही, बाईला अंधारात ठेवण्याला आहे.

बीडची ही गोष्ट सरकारला नवी नाही. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले. पण परवानगीचा कागद दवाखाना आणि कार्यालय यांच्यात फिरतो. जिच्या पोटावर सुरी चालणार तिच्या हातात काय पडते? एक इंग्रजी रिपोर्ट आणि अंगठ्यासाठी एक रेघ.

म्हणून आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. संमतीपत्राच्या आधी प्रत्येक बाईला मराठीत छापलेला एक साधा कागद द्या: गाठ कुठे आहे, केवढी आहे, तिची तक्रार या गाठीमुळेच आहे का, आणि कोणकोणते उपाय करून पाहिले. अंडाशये काढणार असतील तर तो प्रश्न वेगळा विचारा, त्याची संमती वेगळी घ्या. आशाताईंनी तो कागद घरी बसून, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, वाचून दाखवावा. कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दसरा-दिवाळीला निघतात, त्याच्या आधी गावोगाव पांढरे जाण्याची तपासणी आणि औषधे मिळावीत, आणि ग्रामीण रुग्णालयात ते संप्रेरकाचे साधन उपलब्ध व्हावे.

मुलाच्या आईने जाताना तो रिपोर्ट पुन्हा कापडी पिशवीत नीट घडी घालून ठेवला. तिच्या धाकट्या जावेलाही ‘गाठ’ सांगितली आहे. येत्या रविवारी ती आपले कागद घेऊन येणार आहे.

आपली,
एक शिक्षिका, ता. केज, जि. बीड