जन्मनोंदणीच्या खिडकीतल्या मॅडमना, आडनावाच्या रकान्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे तुम्ही बसता आणि बाळाच्या कागदपत्रांसाठी पालकांना मदत करणारे आम्ही काही जण खिडकीच्या अलीकडे उभे असतो. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "पुढचे कोण?" म्हणता. म्हणून हे लेखी, आणि उघड. तुम्ही खिडकीत जे सांगता ते रांगेत नसलेल्यांपर्यंतही पोचावं, हा दुसरा हेतू.

सगळ्यात आधी आभार तुमच्या एका वाक्याचे: "नोंद आज करा, नाव सावकाश सांगा."

बारशापर्यंत नाव ठरलेलं नसतं. आडनावाचा विषय निघाला की दोन्हीकडचे आजी-आजोबा गप्प होतात. आणि हॉस्पिटलातून कुणीतरी "फॉर्म पाठवायचाय, लवकर बोला" म्हणत असतं. त्या घाईत काहीतरी लिहून दिलं जातं आणि तेच आयुष्यभराचं होऊन बसतं. खरं तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याला ही घाई नकोच आहे. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची, एवढंच तो मागतो. त्या खबरेत बाळाचं नाव असायलाच हवं असं नाही. कलम 14 प्रमाणे नावाशिवाय नोंद झाली असेल, तर आई-वडील किंवा पालक नाव नंतर कळवू शकतात. नोंदणीपासून पहिल्या बारा महिन्यांत कळवलं तर काही शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क. पंधरा वर्षांनंतरही शासनानं अधूनमधून मुदत वाढवून दिली आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

नोंदच राहिली तर मात्र पायऱ्या अवघड होत जातात. 21 ते 30 दिवस, विलंब शुल्क. 30 दिवस ते एक वर्ष, सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश; पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आणावा लागे, 2023 च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. आडनावाचं भांडण मिटेना म्हणून जन्माची नोंदच लांबवणाऱ्यांना तुम्ही हे ऐकवता, तेव्हा आवाज थोडा चढतो. चढायलाच हवा.

पंधरा वर्षं म्हणजे पंधरा वर्षं थांबा असंही नव्हे, हेही तुम्हीच सांगता. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार काढतानाही दाखला लागतो आणि त्यावरचं नाव आधारवर उतरतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हा क्रम असा: नोंद, मग नाव, मग आधार. आधार आधी काढून दाखला त्याच्याशी जुळवून घेऊ, असं म्हणणारे नेमके उलट्या दिशेनं चालत असतात.

दुसरे आभार 'बेबी ऑफ'वरच्या तुमच्या नजरेचे. दवाखान्यात जन्म झाला की खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची. जन्माच्या अहवालाचे, म्हणजे नमुना 1 चे दोन भाग असतात. वैधानिक भागावरून नोंदवही भरली जाते आणि सांख्यिकी भाग वेगळा होऊन पुढे जातो. वैधानिक भागात बाळाच्या नावाचा रकाना कोरा ठेवायचा सोडून कुणी तिथे 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव लिहिलं, की कागदोपत्री बाळाचं नाव झालं! रकाना कोरा राहिला नाही म्हणजे कलम 14 ची सोपी वाट बंद, आणि कलम 15 ची दुरुस्ती मागे लागते. म्हणून डिस्चार्जच्या आधी पालकांनी तो भाग स्वतः वाचावा: आई आणि वडिलांचं नाव त्यांच्या आधारवर आहे तसंच आहे ना, पत्ता बरोबर आहे ना, आणि बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर रकाना खरोखर रिकामा आहे ना. आईचं नाव माहेरचं लिहायचं की सासरचं, हेही त्याच वेळी ठरवावं. तिच्या बाकीच्या कागदांवर जे आहे तेच.

आता कलम 15. तिथे तुमच्यावर सर्वात जास्त राग निघतो आणि तिथेच तुम्ही सर्वात बरोबर असता. निबंधकाला, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, चूक दुरुस्त करता येते, विचार बदलला म्हणून नाव बदलता येत नाही. लेखनिकाची चूक असेल तर निबंधक खात्री करून घेतो. तपशीलच चुकीचा असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. दुरुस्ती होते ती समासात, तारीख आणि सहीसह. मूळ ओळ खोडत नाहीत. 'चौधरी'चं 'चौधारी' झालं, ही चूक. आधी वडिलांचं आडनाव लावलं आणि दोन वर्षांनी आईचं लावावंसं वाटलं, ही चूक नव्हे. त्यासाठी शासकीय राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची. अल्पवयीन मुलासाठी अर्ज पालकानं करायचा, आपले सरकार पोर्टलवरून तो करता येतो. राजपत्र हाती आलं की पुढचे कागद नव्या नावानं काढता येतात, पण जन्मनोंदीतलं जुनं नाव त्यानं आपोआप बदलत नाही. मग जन्मदाखला आणि राजपत्र, दोन्ही कायम जोडीनं दाखवत राहायचं. कोऱ्या रकान्याची किंमत कळते ती इथे.

आडनाव नेमकं कुणाचं लावायचं, या प्रश्नावर तुम्ही मत देत नाही. फक्त विचारता, "दोघांचं ठरलंय का?" मुलाला बापाचंच आडनाव लागलं पाहिजे, असं नोंदणी कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. कलम 14 'आई-वडील किंवा पालक' एवढंच म्हणतं. तरी बापाहून वेगळं आडनाव लावायचं असेल तर दोघांच्या सहीचं साध्या कागदावरचं संमतिपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती अर्जाला जोडा, हा तुमचा सल्ला आम्ही आता सगळ्यांना देतो. कायदा मागतो म्हणून नव्हे. उद्या दोघांचं बिनसलं तर त्या दिवशी दोघं एकमतानं बोलले होते याचा पुरावा राहतो.

2024 साली राज्यानं घेतलेल्या निर्णयाचा घोळही तुम्ही शांतपणे सोडवता. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव मध्ये आलं म्हणजे आईचं आडनाव लागलं, असं होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खिडकीत येणारे निम्मे लोक त्या एकच समजतात.

एकट्या आईशी तुम्ही जसं वागता, त्याबद्दल मात्र वेगळे आभार. 'वडिलांचं नाव सांगितल्याशिवाय नोंद होत नाही' हे वाक्य तुमच्या तोंडून कधी आलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 6 जुलै 2015 च्या निकालात स्पष्ट केलंय, की अविवाहित किंवा एकट्या आईनं मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा. तिथे आडनाव तिचंच लागतं. त्यावर चर्चा कसली?

विधवा आईच्या बाबतीत 28 जुलै 2022 चा आकेला ललिता खटल्याचा निकाल आहे. पती वारल्यावर आईनं दुसरं लग्न केलं आणि आडनावावरून वाद आजी-आजोबांनी कोर्टात नेला. उच्च न्यायालयानं मूळ आडनाव परत लावायला आणि कागदांत दुसऱ्या पतीचा उल्लेख सावत्र वडील असा करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं: वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक आहे, आडनाव ठरवण्याचा आणि मूल दत्तक देण्याचाही अधिकार तिचा. सावत्र वडील असा उल्लेख करायला लावणं न्यायालयाला जवळजवळ क्रूर वाटलं. त्याआधी 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात आई ही वडील हयात असतानाही नैसर्गिक पालक असू शकते, हे ठरलं होतंच.

घटस्फोटानंतर येणाऱ्या आयांना तुम्ही जे सांगता ते कटू, पण खरं. घटस्फोट झाला किंवा दुसरं लग्न झालं म्हणून जन्मनोंदीतलं वडिलांचं नाव पुसलं जात नाही, कारण ती जन्माच्या वेळची वस्तुस्थिती आहे. नव्या पतीला वडील म्हणून कागदावर आणायचं तर रीतसर दत्तकविधान करावं लागतं. आणि वडील हयात असून आडनाव बदलायला विरोध करत असतील, तर तो वाद नगरपरिषदेच्या खिडकीत सुटणारा नाही. कौटुंबिक न्यायालयात जावं लागतं आणि तिथे तराजूत मुलाचं हित असतं, आडनावाची परंपरा नव्हे.

आता जोडआडनावं. आई-वडील दोघांची आडनावं लावायला कायद्याची आडकाठी नाही, अडचण संगणकाची आहे. दोन आडनावांमधली आडवी रेघ अनेक ऑनलाइन अर्ज घेत नाहीत. रेघ काढून मोकळी जागा ठेवली की पहिलं आडनाव मधल्या नावात जाऊन बसतं. पासपोर्टवर तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या ओळी असतात, त्यातल्या पहिलीत 44 खुणा मावतात, त्यातल्या नावाच्या वाट्याला 39 येतात. ज्ञानेश्वरी प्रियदर्शिनी चंद्रशेखर देशपांडे हे नाव इंग्रजीत 48 अक्षरांचं, शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी येणाऱ्या '<' या खुणा धरून 52. एकच आडनाव असून ही गत! नाव कापलं गेलं म्हणून पासपोर्ट अवैध होत नाही, पण विमानतळावर तिकिटाशी जुळवताना खोळंबा होतो. चार भागांचं नाव ठेवणार असाल तर पहिलं नाव आखूड बरं.

आडनावच नको, जात कळू नये म्हणून फक्त आई-वडिलांची नावं लावायची, असं ठरवणारी जोडपीही येतात. विचार चांगला आहे, फक्त शेवटचा शब्द कागदावर आडनावाच्या जागी जाणार, हे गृहीत धरून तो निवडावा. एकच शब्द ठेवू नये. नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीत पर्यटन आणि भेटीच्या व्हिसासाठी पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव चालत नाही; दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर ते धरतात.

स्पेलिंगबद्दल लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो आणि 'वाघमारे' व्हीनं की डब्ल्यूनं, 'चौधरी'चा शेवट आयनं की वायनं, हे तुम्ही अक्षर-अक्षर म्हणून घेता. आई, वडील आणि आजोबांच्या कागदांवर तीन वेगळी स्पेलिंगं असली तर ज्याच्या पासपोर्टवर आहे ते धरा, हा तुमचा नियम सरळ आहे.

जातपडताळणीचा मुद्दा तुमच्या खात्याचा नाही, तरी तुम्ही काढता. मुलाचा दावा वडिलांकडच्या जातीवर असेल आणि आडनाव आईचं असेल, तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदींशी आडनाव जुळणार नाही. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचे पुरावे पाहिले जातात. आडनाव वेगळं असलं म्हणून दावा बुडत नाही. पण जन्मदाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव बिनचूक असलं पाहिजे, वंशावळीचा धागा तोच. शाळेतल्या नोंदीत काही बदलायचं असेल तर मूल शाळेत असतानाच बदला. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाहेर पडल्यावर शिक्षण खात्याच्या दारात उभं राहावं लागतं.

गोव्यातून कुणी येतं तेव्हा तुम्ही हात जोडता, कारण तिथे नाव-आडनाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे आणि आपल्या राजपत्राची रीत तिथे चालत नाही.

शेवटचे आभार तुमच्या नकाराचे. काम होत नसेल तर तुम्ही अर्जावरच कलम लिहून, शिक्का मारून नकार देता. तोंडी नकार घेऊन वरिष्ठांकडे जाता येत नाही, लेखी घेऊन जाता येतं. इतर कार्यालयांत आम्ही आता तुमच्यासारखाच कागद मागतो आणि बऱ्याचदा कागद मागितल्यावर कामच होऊन जातं.

या पत्रात कायद्याचं काही चुकीचं उतरलं असेल तर समासात शेरा मारून, तारीख घालून परत पाठवा. मूळ ओळ खोडू नका.

आपले नम्र,
खिडकीच्या अलीकडचे आम्ही