महिनाभर थ्रिलर वाचणार आहेस म्हणून

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपली की महिनाभर फक्त थ्रिलर वाचणार, असं तू कळवलंस आणि पुढच्याच ओळीत ‘चालेल ना?’ असं विचारलंस. अरे, मला तर फार आनंद झाला. सुट्टीत ‘काहीतरी चांगलं’ वाच असं तुला कुणी सांगितलं असेल, तर नीट बांधलेली थरारकादंबरी हे चांगलंच वाचन आहे, असं खुशाल सांग. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या मागे धावता धावता वाचनाची गोडी लागली, असं सांगणारी किती तरी माणसं मला भेटली आहेत. त्यातली काही पुढे जाडजूड, अवघड ग्रंथांपर्यंत पोचली. तू मात्र पुढच्या कशाची तरी तयारी म्हणून ही पुस्तकं हातात घेऊ नकोस. त्यांच्यासाठीच त्यांना वाच.

माझं मागणं एवढंच आहे की किती पुस्तकं संपली ते मोजू नकोस, आणि त्यातलं निदान एक पुस्तक दोनदा वाच. शेवट माहीत असूनही दुसऱ्यांदा वाचताना छाती धडधडली, तर ते पुस्तक खरं. शाळेच्या दिवसांत असं वाचायला सवड होत नाही. सुट्टीचा महिना त्यासाठीच असतो.

सुरुवात फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’पासून कर. ही १९७१ सालची कादंबरी. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारण्यासाठी एक भाडोत्री मारेकरी नेमतात, एवढंच कथानक. आता बघ, द गॉल यांची हत्या झाली नाही हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. नोव्हेंबर १९७० मध्ये ते स्वतःच्या घरी वारले. फोर्सिथने कादंबरी लिहिली तेव्हा तर ते हयात होते आणि काही प्रकाशकांनी याच कारणाने हस्तलिखित परत केलं. ज्या कटाचं काय झालं हे आधीच माहीत आहे, तो वाचणार कोण? आणि तरीही ती वाचताना तळहाताला घाम सुटतो.

तो का सुटतो, याचा विचार तू वाचता वाचता करावास अशी माझी फार इच्छा आहे. मला जे वाटतं ते सांगते. लेखक ‘काय होणार’ हा प्रश्न पहिल्याच पानापासून बाजूला ठेवतो आणि ‘हे जमवणार कसं’ याच्यात आपल्याला गुंतवतो. मारेकरी खोटा पासपोर्ट मिळवतो, तो प्रसंग सावकाश वाच. लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव तो थडग्यावरून शोधतो, त्या नावाचा जन्मदाखला मागवतो आणि रीतसर अर्ज करतो. ही पळवाट त्या काळी ब्रिटनमध्ये खरोखर होती. मग बंदूक, मग जागेची पाहणी. एकेक काम तो कारागिरासारखं मन लावून करतो आणि आपण त्याच्या शेजारी उभे राहून बघत असतो. पुढे लबेल नावाचा एक साधा, शांत पोलीस अधिकारी येतो. त्याच्याकडे फायली, फोन आणि चिकाटी यांखेरीज काही नाही. त्या दोघांना एकमेकांचं अर्धवटच माहीत असतं आणि आपल्याला मात्र दोघांचंही माहीत असतं. माझ्या मते सगळा ताण तिथून येतो. लेखकाने आपल्यापासून काही लपवलं म्हणून नाही, तर जास्तच सांगून ठेवलं म्हणून आपण अस्वस्थ होतो.

फोर्सिथ मुळात पत्रकार. १९६२ मध्ये तो रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी पॅरिसमध्ये काम करत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि ते थोडक्यात बचावले. त्या कटाच्या सूत्रधाराला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला, आणि कादंबरी सुरू होते ती नेमकी तिथून. घडलेलं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं, तो सांधा शोधून बघ. सहज सापडणार नाही.

यानंतर एकदम मागे, १८६८ मध्ये जा. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत लुटलेला एक हिरा इंग्लंडमधल्या एका घरातून रातोरात नाहीसा होतो. ही कादंबरी जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला हप्त्याहप्त्याने छापली जात होती. वाचकाला सात दिवस थांबणं भागच होतं. तूही ती तशीच वाच. रोज थोडी वाचून पुस्तक मिटायचं आणि दिवसभर तर्क करत राहायचं. गोष्ट एकाच माणसाच्या तोंडून येत नाही. घरातला जुना नोकर, एक धर्मवेडी बाई, एक वकील असे एकामागून एक जण सांगत जातात, आणि प्रत्येकाने आपल्या डोळ्यांसमोर घडलं तेवढंच सांगायचं असतं. कुणी खोटं बोलत नसतानाही सत्य हाती लागत नाही. मला हे फार थोर वाटतं. एका बैठकीत संपवलीस तर तर्क करण्याचा आनंदच उरणार नाही.

अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) काटेकोरपणे बघितलं तर थ्रिलर नाही, गुन्ह्याचा शोध आहे. पण दोनदा वाचायचं पुस्तक म्हणून माझी निवड हीच. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नकोस, प्रस्तावना वाचू नकोस, मित्रांना विचारू नकोस. मीही काही सांगणार नाही. ती आली तेव्हा काही वाचकांना आपली फसवणूक झाली असं वाटलं होतं. संपली की त्याच दिवशी पुन्हा पहिलं पान काढ आणि एकेक वाक्य तपासून बघ. सगळं तुझ्या समोर उघडं ठेवलेलं होतं, हे दिसेल. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं. तिच्या १९२० च्या पहिल्याच कादंबरीत विषप्रयोग आहे आणि त्यातलं औषधशास्त्र इतकं चोख होतं की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने त्याची वाखाणणी केली. माहिती पक्की असली की लेखकाला वाचकाशी खोटं खेळावं लागत नाही.

पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) वाचशील तेव्हा तू बेचैन होशील. गुन्हेगाराच्या डोक्यात शिरून सगळं बघायला लागतं आणि तो पकडला जाईल की काय ही भीती आपल्यालाच वाटू लागते. त्या भीतीपासून पळू नकोस. ती आपल्याला वाटली म्हणजे आपण वाईट, असंही समजू नकोस.

जॉन ल कारेची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ शेवटच्या आठवड्यासाठी ठेव. १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात होता, म्हणून टोपणनावाने लिहीत होता. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम दोन वर्षं झाली होती. इथे हेर देखणा नाही, थकलेला आहे, आणि आपल्या बाजूची माणसं काय काय करतात ते बघून पोटात खड्डा पडतो. ही संपली की लगेच दुसरं पुस्तक उघडू नकोस. एक-दोन दिवस जाऊ दे.

नव्या पुस्तकांचं तू तुझं बघ, ती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. दोन गोष्टी मात्र पारखून घे. प्रकरण संपताना दार वाजतं आणि पुढच्या पानावर कळतं की शेजारी आला होता. असं दुसऱ्यांदा झालं की ते पुस्तक ठेवून दे, अर्धं सोडायला काही हरकत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पुष्कळ थ्रिलरची सुरुवात एखाद्या मुलीच्या प्रेताने होते, आणि चारशे पानं उलटली तरी ती कोण होती, तिला काय आवडायचं, तिच्यामागे कोण रडलं, याचा पत्ता नसतो. ती फक्त नायकाला कामाला लावण्यासाठी मेलेली असते. जिचा खून झाला तिला ज्या लेखकाने माणूस मानलं नाही, त्याने खुनाचा छडा कितीही हुशारीने लावला तरी माझं मन त्याच्यावर बसत नाही. तू वाचताना बघ, हे तुला जाणवतं का.

रात्री अकरानंतर वाचायचं नाही असं मी सांगणार होते, पण शेवटची पन्नास पानं उरलेली असताना ते कुणालाच जमत नाही. तेवढ्या पन्नास पानांना सूट आहे.

आणि ‘जॅकल’ वाचून झाली की मला एक गोष्ट नक्की कळव. कधीतरी मध्येच तुला वाटेल की या मारेकऱ्याचं काम जमावं, तो सापडू नये. कोणत्या पानावर तसं वाटलं, ते पान क्रमांकासह लिही. माझ्या प्रतीत मी त्या जागी पेन्सिलीने खूण केली आहे. आपली पानं जुळतात का ते मला बघायचं आहे.

तुझी,
आई